थांबाताई आणि बोटभर मासा

आमच्या दवाखान्यात तिचं खरं नाव फक्त गळ्यातल्या ओळखपत्रावर होतं. बाकी सगळे तिला थांबाताई म्हणायचे. बायकांच्या छातीचे एक्स-रे काढायचं यंत्र ती चालवायची. दिवसभर त्या खोलीतून तिचं एकच बोलणं बाहेर ऐकू यायचं, "थोडं पुढे या, हनुवटी वर, खांदा सैल सोडा. आता थांबा. हलू नका, थांबा... झालं!" मी दाराबाहेर नोंदणीच्या खिडकीवर बसायचे. ते 'झालं' इतकं मोकळं असायचं की रांगेतल्या बाईचाही अडकलेला श्वास सुटायचा.

घाबरून आलेल्या बाईला बोलतं करायची तिची एक तऱ्हा होती. यंत्राच्या दोन पाट्यांमध्ये छाती दाबली जाते, ते दुखतं आणि त्याहून जास्त लाज वाटते. ताई आधी आपले दोन्ही तळवे त्या गार पाटीवर ठेवून ती कोमट करायची आणि म्हणायची, "याचा स्वभाव जरा चिकट आहे. एकदा धरलं की सोडत नाही. पण मनाने वाईट नाही हो." बाई हसली की तेवढ्यात फोटो काढून मोकळी.

हे काम तिने मुद्दाम मागून घेतलं होतं. हे यंत्र जो रोग शोधतं, त्या स्तनाच्या कर्करोगानेच तिची आई गेली. कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. ताई तेव्हा नुकती नोकरीला लागलेली आणि धाकटी बहीण शाळेत. वडील त्याच्याही आधी गेलेले. धाकटीच्या वेण्या घालण्यापासून कॉलेजच्या फीपर्यंत सगळं ताईनेच केलं. लग्नाचं कुणी विचारलं की म्हणायची, "अहो, एक लेक आधीच पदरात पडली होती. कुठला नवरा तिच्यासकट नेणार मला?"

ही धाकटी पुढे माशांची अभ्यासक झाली. संग्रहालयाच्या तळघरात एक लांबट खोली आहे. तिथे भिंतीपासून भिंतीपर्यंत बाटल्या आणि बाटल्यांत मासे. तिथे ती काम करायची. ताई सावकाश बोलणारी, धाकटी म्हणजे तोंडाला कुलूप नाही. पहिल्यांदा आमच्याकडे आली ती हातात झाकणाचा डबा घेऊन. डबा उघडल्याबरोबर सगळ्या बाकांवर स्पिरिटचा वास पसरला.

"काय आहे त्यात?" मी विचारलं.

"पेशंट आहेत," ती म्हणाली. "पण उपाशीपोटी आलेत, काळजी करू नका."

झालं होतं असं, की संग्रहालयाचं एक्स-रे यंत्र जुनं होतं. मोठ्या माशाचा सांगाडा त्यात दिसे, पण प्रवाळाच्या खडकांत राहणारे बोटाएवढे मासे त्यात नुसते धुरकट डाग दिसायचे. दोन मासे वरून सारखे दिसले तरी आत मणके कमीजास्त असतात, पराचे काटे वेगळे असतात. जात वेगळी की तीच, हे ठरवायला तेही बघावं लागतं. आमचं यंत्र तर मोहरीपेक्षा बारीक ठिपका टिपणारं. ताईने विभागाच्या प्रमुख डॉक्टरबाईंना विचारलं. त्यांनी भुवया उंचावल्या, मग हसल्या आणि अटी घातल्या. शेवटची पेशंट गेल्यावरच, पाटीवर वेगळं प्लास्टिक घालून, आणि दुसऱ्या दिवशी खोलीला वास यायला नको.

तेव्हापासून कधीमधी संध्याकाळी ती दोघींची गंमत चालायची. मी कुलूप लावायला थांबलेली असायचे, म्हणून आत डोकवायचे. ताई चिमट्याने मासा पाटीवर आडवा करायची, शेपटी सरळ करायची. सवयीने तोंडातून निघायचं, "थांबा, हलू नका." धाकटी पोट धरून हसायची. "ताई, तो मेलाय गं!"

"माझ्या खोलीत आला ना? मग सांगायलाच हवं."

मग पडद्यावर मासा उमटायचा. मांस नाही, खवले नाहीत, नुसती केसासारखी हाडं. कुणी पांढऱ्या पेन्सिलीने अंधारावर चित्र काढावं तसा. धाकटीची बडबड तेवढ्यापुरती बंद व्हायची. पडद्याला हात न लावता पेनाच्या टोकाने ती मणके मोजत जायची, ओठ हलत असायचे. ताई मासा बघायची नाही. ती धाकटीचं तोंड बघत बसायची.

ताई तिला अधूनमधून सांगायची, "तुझाही एकदा काढून घेऊ. आईचं आहे आपल्या घरात. मी दर वर्षी काढते."

"काढू की. या खेपेला घाई आहे."

दर खेपेला घाई असायची. ताई रागवायची, आणि मग मासे सुकतील म्हणून कामाला लागायची.

मग धाकटी प्रवाळबेटांवर गेली. बोटीवर राहायचं, रोज हवेची टाकी पाठीवर बांधून खडकाच्या उतारावर खोल उतरायचं, असं बऱ्याच दिवसांचं काम होतं. परत आली ती उन्हाने रापलेली आणि वाळलेली. पण डोळे असे चमकत होते की मीच विचारलं, "काय गं, लग्न ठरवून आलीस की काय?"

"त्याहून भारी!" ती म्हणाली आणि फोन माझ्या नाकासमोर धरला.

फोटोत एक मासा होता. पिकल्या लिंबासारखा पिवळा, डोळ्यातून आरपार गेलेली जांभळी रेघ, शेपटीच्या काठाला कुंकवासारखा लाल रंग. खडकातल्या एका कपारीच्या तोंडाशी तो उलटा, पोट वर करून होता.

"मेलाय?"

"नाही हो, तसाच राहतो. कपारीच्या छताला पोट लावून. इतर मासे आपल्याला बघून पळतात, हा हलत नाही. मी हात लांब केला तरी जागचा हलेना. नुसता बघत होता माझ्याकडे." मग आवाज खाली आणून, जणू कुणी चोरून नेईल अशी, "हा कुणालाच ठाऊक नाही. नवा आहे. मला जवळजवळ खात्री आहे."

बाटलीत तो मासा मी पाहिला तेव्हा ओळखलाच नाही. जुन्या कागदासारखा पांढुरका झाला होता. रंग कुठे गेले विचारलं तर म्हणाली, "मेल्यावर आणि स्पिरिटमध्ये जातातच. म्हणून तर आधी फोटो काढायचे."

त्या संध्याकाळी ताईने त्याचा एक्स-रे काढला. धाकटीने मोजलं, पुन्हा मोजलं, ताईला मोजायला लावलं. ओळखीच्या जातीपेक्षा एक मणका जास्त, आणि पाठीवरच्या परात काट्यांची मांडणी वेगळी. तिने ताईला मिठी मारली. ताई म्हणाली, "पुरे पुरे, हाताला वास येतोय तुझ्या."

ताई पाटी पुसायला लागली. तेव्हा धाकटी म्हणाली, "ताई, आता एक माझाही काढ."

मी दारात होते. ताईचा पाटी पुसणारा हात थांबला. इतकी वर्षं जी टाळत आली ती आपणहून म्हणते आहे, याचा अर्थ तिला लगेच कळला असणार. तिने पाटी नीट धुतली, कोरडी केली, दोन्ही तळवे ठेवून कोमट केली. मी दार ओढून घेतलं.

आतून नेहमीचे शब्द आले. "पुढे ये. हनुवटी वर. थांब. हलू नकोस." पण 'झालं' आलं नाही. मी बाहेर त्याचीच वाट बघत उभी होते.

नियम असा आहे, की फोटो काढणारीने पेशंटला काही सांगायचं नसतं. ते डॉक्टरांचं काम. ताईने तो नियम हजारो बायकांच्या बाबतीत पाळला होता. चेहरा कोरा ठेवायचा, 'डॉक्टर बघतील' म्हणायचं. पण धाकटी उभं आयुष्य असल्याच चित्रांत वेगळेपण शोधत आलेली. ताईने मला नंतर सांगितलं, ती कपडे सावरत थेट पडद्यासमोर आली, आणि ताई उठून आड येण्याआधी तिने बघितलं.

मी दार उघडलं तेव्हा दोघी स्टुलांवर समोरासमोर बसल्या होत्या.

"कधीपासून?" ताई विचारत होती.

"गाठ लागते आहे बऱ्याच दिवसांपासून."

"बेटावर जायच्या आधीपासून?"

धाकटीने मान हलवली.

"आधीपासून! आणि तू गेलीस?"

"मी तेव्हा सांगितलं असतं तर तू जाऊ दिलं असतंस का?"

"तंगडं मोडून घरात बसवलं असतं!"

"म्हणूनच नाही सांगितलं," धाकटी म्हणाली. "ताई, पुन्हा बोट मिळाली नसती. मला वाटलं, आल्यावर बघू."

ताईने त्या बाटलीकडे असं बघितलं, की मी आत जाऊन बाटली उचलून बाहेर नेली. उगीच. ती फोडेल अशी भीती वाटली मला.

डॉक्टरबाईंनी दुसऱ्या दिवशी सगळ्या तपासण्या मागवल्या. रोग हाडांपर्यंत गेला होता. आधी आली असती तर नक्की बरं झालं असतं का, असं ताईने त्यांना माझ्यासमोरच विचारलं. डॉक्टरबाई खोटं बोलणाऱ्यातल्या नाहीत. म्हणाल्या, "बरं झालं असतं असं मी म्हणणार नाही. वेळ जास्त मिळाला असता, एवढं म्हणेन." ताईला ते 'एवढं'सुद्धा पेलवलं नाही.

औषधं सुरू झाली. धाकटी ताईच्याच घरी राहायला आली. केस गेले, भुवया गेल्या, पण तोंड काही बंद झालं नाही. डोक्याला रुमाल बांधून, मांडीवर उशी आणि उशीवर लॅपटॉप घेऊन ती माशाचं वर्णन लिहीत बसायची. एक अडचण होती. एका माशावरून भागणार नव्हतं. बेटावरून आणलेले त्याच जातीचे बाकीचे मासे, आणि शेजारच्या ओळखीच्या जातीचे काही, या सगळ्यांचे एक्स-रे तुलनेला हवे होते. तिने ताईला सांगितलं. ताई म्हणाली, "नाही."

मी त्या दिवशी त्यांच्याकडे गेले होते. ताई कणीक मळत होती, तशीच मळत राहिली.

"त्या माशाने तुझे महिने खाल्ले," ती म्हणाली. "मी त्याला माझ्या यंत्रावर ठेवणार नाही. दुसरीकडून काढून आण जा."

"दुसरीकडे असं यंत्र कोण देणार?"

"मग राहू दे तसाच. कुणाचं काय अडलंय?"

धाकटी गप्प बसली, हेच इतकं नवीन होतं की मला तिथून उठावंसं वाटलं. ताईचे हात पिठात तसेच राहिले.

बरेच दिवस ते तसंच राहिलं. घरात दोघी एकमेकींना औषध दे, पाणी दे, खिडकी लाव, एवढंच बोलायच्या. धाकटीला उलट्या होत, ताई पाठ चोळायची. सगळं करायची. माशाचं नाव मात्र कुणी काढत नव्हतं.

एका संध्याकाळी शेवटची बाई गेल्यावर मी कुलूप घेऊन गेले, तर संग्रहालयातले मास्तर खोलीत उभे. हे धाकटीचे तिथले जुने सहकारी. शिकवत कुणालाच नाहीत, पण प्रत्येकाच्या चुका काढतात म्हणून धाकटीने ठेवलेलं नाव. त्यांच्या हातात तोच झाकणाचा डबा. ताईनेच फोन करून बोलावलं होतं. ती मला म्हणाली, "तू जा घरी. आज वेळ लागेल."

मी गेले नाही. तिने एकेक मासा घेतला, प्लास्टिकवर ठेवला, सगळे पर पिनेच्या टोकाने उलगडले. झोपलेल्या पोराच्या मुठीतून खेळणं सोडवावं, इतक्या हळुवार. मास्तर चुका काढायच्या तयारीने आले होते, पण त्यांनी एक शब्द काढला नाही. ताईचंही 'थांबा' नाही, 'झालं' नाही. सगळे झाल्यावर एकदाच म्हणाली, "तिला म्हणावं, तपासून बघ. काही हललं असेल तर पुन्हा काढीन."

चित्रं बघून धाकटी रडली म्हणे. आणि मग रात्रीच्या जेवणाला तिने ताईला सांगितलं, की माशाला तुझं नाव देतेय.

"माझं? त्याला? काही नको! तुझं दे."

"आपल्या माशाला आपलंच नाव द्यायचं नसतं ताई, लोक हसतात."

"हसू देत. मेल्यांचं काय जातंय!"

"ऐक तरी. तुझं ओळखपत्रावरचं नाव नाहीच देत. 'थांबा' देतेय. शास्त्रातलं पहिलं नाव त्याच्या घराण्याचं, आणि पुढे आपलं 'थांबा'. तो खरंच हलत नाही गं. मी त्याच्या इतकी जवळ गेले ना, तेव्हा मला पहिल्यांदा तूच आठवलीस."

हे ताईने मला नंतर सांगितलं. "तिला काय बोलू?" म्हणाली. "पाण्याखाली एवढ्या खोल जाऊन, अंगात ते दुखणं घेऊन, तिला मी आठवले म्हणे. आणि मी इथे तिला शिव्या घालत बसले होते." मी म्हटलं, "ताई, शिव्या माशाला घातल्यात तुम्ही." ती म्हणाली, "नाही गं. तिलाच."

लिखाण पूर्ण झालं. मास्तरांनी ते नियतकालिकाकडे पाठवलं, तिकडच्या जाणकारांनी शंका काढल्या, धाकटीने पडल्यापडल्या उत्तरं सांगितली आणि मास्तरांनी टाइप केली. छापून यायच्या आधीच ती गेली. दुपार होती. ताई तिच्या उशाशी होती, मी नव्हते. ताई एवढंच म्हणाली, "शुद्धीत नव्हती. चांगलं झालं." त्यानंतर सगळं होईपर्यंत तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. येणाऱ्याजाणाऱ्यांना तीच चहा देत होती.

कामावर आली तेव्हा तिने डॉक्टरबाईंकडे एकच मागणी केली. मला ते यंत्र नको. मग तिला हातापायाच्या एक्स-रेला घातलं. मोडकी मनगटं, मुरगळलेले घोटे. तिच्या जागी दुसरी मुलगी आली. काम बरं करायची, पण तिच्या खोलीतून बाहेर काही ऐकू यायचं नाही. बायका खिडकीशी येऊन विचारायच्या, "त्या थांबाताई कुठे गेल्या?" मी सांगायचे, रजेवर आहेत.

मासा छापून आला. मास्तर स्वतः प्रत घेऊन आले. ताईने ती टेबलाच्या खणात ठेवली, उघडली नाही. ते म्हणाले, "एकदा या तळघरात. ज्याच्यावरून नाव ठरलं तो मासा आता कायमचा जपून ठेवलाय. बघून जा." ती हो म्हणाली आणि कितीतरी दिवस गेली नाही. मग एका सुट्टीच्या दिवशी मलाच फोन. "चल माझ्याबरोबर. एकटीने जमणार नाही."

तळघरात गार होतं. मास्तरांनी कपाटातून बाटली काढून टेबलावर ठेवली. आत तो बोटभर, पांढुरका, आणि बाटलीच्या गळ्याशी दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. ताईने वाकून पाहिलं.

"डोळे उघडेच आहेत याचे."

"माशांना पापण्या नसतात," मास्तर म्हणाले.

मग तिने बाटलीबद्दल काहीच न विचारता, धाकटीची खुर्ची कुठली ते विचारलं. खुर्चीवर आता कुणाचा तरी स्वेटर होता. मास्तर तो उचलायला धावले. "राहू दे," ताई म्हणाली आणि स्वेटरसकट तिच्यावर बसली. तिथून बसल्या बसल्या म्हणाली, "मास्तर, एक सांगू? ती माझ्या खोलीत येत होती. वर्षानुवर्षं. यंत्रापासून हातभर अंतरावर उभी असायची. आणि मी मासे काढत होते."

बोलायचं म्हणून मास्तरांनी भलतंच काढलं. म्हणाले, "खरं तर अजून काही मासे आलेत. दवाखान्यात विचारायचं होतं. पण ते आता... जाऊ दे."

मला वाटलं, आता ही उठून जाते. पण ताईने मान वर केली. "इथे बायका किती आहेत कामाला?"

"आहेत की. वर तिकिटाच्या खिडकीवर, झाडलोट करणाऱ्या, कचेरीत, इथे खाली..."

"मासे नंतर. आधी त्या सगळ्या आणा. एकही घाई आहे म्हणाली, तर तिचं नाव मला सांगा. मी येईन तिला न्यायला."

डॉक्टरबाईंनी एक सकाळ त्यांच्यासाठी मोकळी ठेवली. त्या दिवसापुरती ताई आपल्या जुन्या खोलीत गेली. संग्रहालयातल्या बायका घोळक्याने आल्या, सहलीला आल्यासारख्या. बाकांवर हसणं खिदळणं चाललेलं, आणि एकेकीचं नाव पुकारलं की ती एकदम गप्प व्हायची. मी खिडकीवर होते. पहिली आत गेली. आतून आलं, "हनुवटी वर. खांदा सैल. थांबा..." आवाज थोडा घोगरा होता. मग, "झालं."

माझ्यासमोर उभ्या असलेल्या बाईने विचारलं, "तुम्हाला काय झालं हो?" मी म्हटलं, काही नाही, डोळ्यात गेलं काहीतरी.

दुपारपर्यंत सगळ्यांचे फोटो झाले आणि डॉक्टरबाईंनी ते बघूनही टाकले. कुणाच्यात काही नव्हतं. एक म्हातारी झाडणारी बाई जाता जाता ताईच्या गालावरून हात फिरवून गेली. बायका जिना उतरल्या, त्यांचे आवाज रस्त्यावर गेले.

मी आत गेले. ताई खोलीच्या मधोमध उभी होती, हातात पाटी पुसायचं फडकं.

"सगळ्या चांगल्या निघाल्या गं," ती म्हणाली.

"हो ताई. किती बरं झालं."

"सगळ्याच्या सगळ्या," ती म्हणाली, आणि खाली फरशीवर बसली. धाकटी गेली त्या दिवशी जी रडली नव्हती, ती तोंडावर फडकं दाबून रडायला लागली. मी दाराला आतून कडी घातली आणि तिच्याशेजारी बसले. बाहेर दुपारच्या पेशंट यायला लागल्या होत्या. कुणीतरी माझ्या खिडकीवर टकटक करत होतं, विचारत होतं, कुणी आहे का आत.